आई आणि मी आता फक्त ‘जेवलीस का’ एवढंच बोलतो

प्रश्न : मी ३४ वर्षांची आहे. नवरा आणि मुलासोबत पुण्यात वाकडला राहते. नऊ महिन्यांपूर्वी बाबा गेले. न्यूमोनियाचं निमित्त झालं, काही दिवस आयसीयूत होते. आई निवृत्त शिक्षिका, सहकारनगरच्या घरी एकटी राहते. बाबांचे कपडे तिने महिन्याच्या आत देऊन टाकले. नंतर त्यांची स्कूटर विकली आणि मला मागाहून सांगितलं. मी चिडून बोलून गेले, ‘तुला काही वाटतच नाही का?’ त्यावर ती म्हणाली, ‘व्हेंटिलेटरच्या कागदावर सही करताना मला विचारलं होतंस?’ त्या दिवसापासून भांडण नाही, पण बोलणंही नाही. रोज फोन होतो. जेवलीस का, गोळी घेतलीस का, संपलं. बाबांचा विषय काढला की ‘गॅसवर दूध आहे’ म्हणून उठते. पूर्वी आमचं छान होतं. रात्री बाबांचा फोन यायचा, मग ते आईकडे द्यायचे आणि आम्ही अर्धा तास गप्पा मारायचो. समुपदेशकाकडे जाऊ म्हटलं तर ‘मी काय वेडी झालेय?’ म्हणाली. वर्षश्राद्ध तीन महिन्यांवर आलंय. आम्ही पुन्हा पूर्वीसारख्या कशा होऊ?

उत्तर :

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते. पूर्वीसारख्या तुम्ही होणार नाही. त्याच अपेक्षेने दर रविवारी सहकारनगरला जात राहिलात तर दर रविवारी हिरमुसून परत याल. त्याचं कारण तुमच्याच पत्रात आहे. फोन बाबा करायचे आणि मग आईकडे द्यायचे. आपल्याकडच्या पुष्कळ घरांत अशी एक व्यक्ती असते. तिच्यामार्फत बाकीचे एकमेकांशी बोलतात आणि तिच्या असण्यामुळेच त्यांचं जमतं. ‘आईला आज बरं नाही, जरा सबुरीने घे,’ हे तुम्हाला कोण सांगायचं? ‘पोरगी ऑफिसातून दमून आलीय, आत्ता नको बोलू,’ हे आईला कोण सांगायचं? बाबा गेले, तेव्हा वडील आणि नवरा तर गेलाच, तुमच्या दोघींमधला मध्यस्थही गेला. तुम्ही दोघींनी मधलं माणूस न घेता एकमेकींशी कधी बोलूनच पाहिलेलं नाही. त्यामुळे नातं तुटलं असं मला वाटत नाही. तिघांचं नातं होतं, ते आता दोघींचं करायचं आहे. हे नवीन काम आहे आणि नव्या कामात सुरुवातीला हात अडखळणारच.

आता कपड्यांकडे आणि स्कूटरकडे येते, कारण तुमचा राग तिथे अडकलाय.

केनेथ डोका आणि टेरी मार्टिन या दोन अभ्यासकांनी दुःख करण्याच्या तऱ्हांवर बरंच काम केलंय. काही माणसांचं दुःख डोळ्यांतून आणि बोलण्यातून बाहेर पडतं. काहींचं हातांतून पडतं : आवरणं, निकाली काढणं, कामाला जुंपून घेणं. बहुतेकांमध्ये दोन्ही असतं, प्रमाण तेवढं वेगळं. पुरुष दुसऱ्या गटात जास्त दिसतात असं म्हणतात. पण ज्यांनी चाळीसेक मुलांचा वर्ग वर्षानुवर्षं सांभाळला, अशा निवृत्त शिक्षिकांमध्येही मी हे हमखास पाहिलंय. घंटा झाली की उभं राहायचं ही सवय काही निवृत्तीबरोबर जात नाही. सकाळी कपाट उघडल्यावर रोज तो शर्ट दिसणं तुमच्या आईला सोसवत नसेल. जिन्याखाली उभी असलेली स्कूटर तुम्हाला रविवारी एकदा दिसायची आणि दिलासा द्यायची. तिला ती भाजी आणायला जाताना, दूध घेताना, कचरा टाकताना, दिवसातून चार वेळा दिसत होती. तुम्हाला न विचारता विकली हे चुकलंच, आणि तसं तुम्ही तिला सांगू शकता. पण ‘काही वाटत नाही’ म्हणून विकली, हा अर्थ तुमचा आहे.

आपल्याकडे दुःखाच्या ‘पाच पायऱ्या’ (नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार) फार लोकप्रिय आहेत. कुणीतरी तुम्हालाही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या असतीलच. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, त्याही ज्यांचा स्वतःचा मृत्यू जवळ आला होता अशा रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांनी त्या क्रमाने चढाव्यात असा त्यांचा काही नियम नव्हता. मला जास्त उपयोगी वाटते ती मार्गारेट श्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेली कल्पना. शोकातला माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करत असतो. एकीकडे गेलेल्याची आठवण, रडणं, फोटो बघणं. दुसरीकडे बँक, गॅस सिलिंडर, नव्या आयुष्याची घडी बसवणं. दोन्ही लागतं, आणि ये-जा चालू असेल तर प्रकृती ठीक आहे असं समजावं. अडचण अशी होते की एका घरातली दोन माणसं एकाच वेळी एकाच टोकाला क्वचितच असतात. तुम्ही आठवडाभर ऑफिस, मुलाची शाळा, हिंजवडीचं ट्रॅफिक यात दुःख दाबून ठेवता आणि रविवारी आईच्या दारात पाऊल टाकलं की ते वर येतं. ती आठवडाभर त्याच भिंतींमध्ये त्या दुःखासोबत राहते आणि रविवारी मुलगी-नातू येणार म्हणून ते झाकून ठेवते, पुरणपोळी करते. तुम्ही रडायला जाता, ती सुट्टी घ्यायला बसलेली असते. गॅसवरचं दूध बहुधा खरंच असतं हो, पण त्याची वेळ तीच ठरवते.

शिवाय तुम्ही दोघी एकाच माणसासाठी रडत असलात तरी दोघींचं जे गेलंय ते वेगळं आहे. तुमचे वडील गेले, लाड करणारं माहेर अर्धं झालं. पण तुमची संध्याकाळ अजून भरलेली आहे. आईची संध्याकाळ रिकामी झालीय. तिला नावाने हाक मारणारं घरात कुणी उरलं नाही. ती आता फक्त ‘आई’, ‘आजी’, ‘काकू’ आणि ‘बाई’. पहाटे दोन कप चहा टाकायची सवय हाताला आहे, रोज एक कप कमी करावा लागतो. आणि एक गोष्ट सुना-मुलींच्या लक्षात येत नाही, कारण ती घडत नाही तेव्हाच कळते : संक्रांतीला, चैत्रात हळदीकुंकवाचं बोलावणं येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, पाठोपाठ सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं, ते चांगलंच झालं. पण पुण्यातल्या सोसायट्यांत कुंकू पुसा असं कुणी म्हणत नाही, ‘त्यांना उगीच अवघडल्यासारखं व्हायला नको’ असं म्हणत चार घरं शांतपणे वगळून पुढे जातात. यंदा संक्रांतीला काय झालं, हे आईला विचारलंय कधी? विचारून बघा.

सहीबद्दल मला सगळ्यात जास्त लिहायचंय.

आईच्या वाक्यातला आरोप तुम्ही ‘तुझ्यामुळे बाबा गेले’ असा ऐकलात. नऊ महिने तुम्ही रात्री-अपरात्री त्यालाच उत्तर देत असणार. न्यूमोनियात फुप्फुसं भरून येतात, ऑक्सिजन लावूनही रक्तातलं प्रमाण घसरत राहिलं की डॉक्टर नळी घालून यंत्रावर श्वास द्यायचा निर्णय घेतात. त्या वेळी हाताशी असेल त्या नातेवाइकाची सही मागतात. वेळ तासांची नसते, बऱ्याचदा मिनिटांची असते. तुम्ही एका उपचाराला संमती दिलीत. तो उपचार करायला हवा हे डॉक्टर तुम्हाला सांगत होते. हे तुम्हाला बुद्धीने माहीत आहे.

पण मला शंका आहे की आईची तक्रार वेगळीच असावी. नळी घशातून जाते, स्वरयंत्राच्या मधून. ती घातली की माणूस बोलू शकत नाही, आणि त्रास होऊ नये म्हणून गुंगीचं औषध चालू असतं. त्या रात्री आई कुठे होती? घरी पाठवलं होतं का, ‘तू जरा पडून ये’ म्हणून? ती परत आली तेव्हा बाबा यंत्रावर असतील, तर सहीच्या आधीचं बोलणं हे त्यांचं शेवटचं बोलणं ठरलं, आणि ते तुमच्याशी झालं. ‘मला विचारलं होतंस?’ याचा अर्थ ‘मला एकदा त्यांच्याशी बोलू द्यायला हवं होतंस’ असा असू शकतो. ही माझी अटकळ आहे. पण अशा भांडणांमध्ये मूळ दुखणं बहुतेक वेळा वैद्यकीय निर्णयात नसतं, निरोप घ्यायचा राहून गेला यात असतं.

म्हणून स्पष्टीकरण देऊ नका. सॅच्युरेशनचे आकडे सांगू नका. एवढंच म्हणा, तुमच्या शब्दांत : ‘आई, त्या रात्री डॉक्टर म्हणाले वेळ नाहीये आणि मी घाबरून सही केली. तुला फोन करायला हवा होता. नळी घातली की ते बोलणार नाहीत हे माझ्या डोक्यातच आलं नाही. तुझं त्यांच्याशी बोलायचं राहिलं.’ आणि गप्प बसा. माफ कर म्हणून विचारू नका, कारण मग ‘जाऊ दे गं, तुझा काय दोष’ असं म्हणून तुम्हाला समजावणं हे तिचं काम होऊन बसतं आणि विषय तिथेच मिटतो. स्कूटरच्या दिवशी बोललात त्याबद्दलही एक वाक्य हवं, आणि त्यात ‘पण’ नको. ती उठून ओट्याशी गेली तर जाऊ द्या. मागे जाऊन पाठीवर हात ठेवायची घाई करू नका. ऐकलेलं असतं तिने. उत्तर चार दिवसांनी, भलत्याच विषयाच्या आडून येतं. एखाद दिवशी फोनवर ती आपणहून म्हणेल, ‘त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी लिंबू सरबत मागितलं होतं मला.’ ते उत्तर असतं, ते ओळखा.

दोघींनाही त्या रात्रीबद्दल प्रश्न असतील तर दवाखान्यातून उपचारांची कागदपत्रं मागून घ्या. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या असतात आणि लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत द्यायच्या असतात. फाईल हाती आली की उपचार करणाऱ्या डॉक्टरांची ओपीडीतली वेळ घ्या आणि दोघी मिळून जा. ‘आम्हाला तक्रार करायची नाही, त्या रात्री काय झालं ते समजून घ्यायचंय’ असं आधीच सांगितलंत तर बहुतेक डॉक्टर बसून बोलतात. तुम्ही सांगितलेलं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं यात आईसाठी फार फरक पडेल. तुमच्यासाठीही पडेल.

रोजच्या फोनचं काय करायचं? जेवलीस का, गोळी घेतलीस का, हे प्रश्न काळजीचे आहेत हे मला कळतं, पण आईच्या कानाला ती हजेरी वाटते. आयुष्यभर दुसऱ्यांची हजेरी घेतलेल्या बाईला ते फार लागतं. एक आठवडा हे प्रश्न सोडून द्या. त्याऐवजी स्वतःचं काहीतरी सांगा, आणि त्यात बाबांना येऊ द्या. ‘आज मुलाने आंब्याची कोय बाबांसारखी चोखून चोखून पांढरी केली.’ इतकंच. त्याला प्रश्नचिन्ह जोडू नका. बाबांचं नाव घेतल्यावर दर वेळी दोघींनी रडायलाच हवं असं नसतं, हे तिला दिसू द्या. सध्या तिला वाटत असावं की विषय निघाला की तुम्ही कोसळणार आणि मग तिने तुम्हाला सावरायचं. आणि तुम्हाला वाटतं तुम्ही तिला सावरायला हवं. दोघीही एकमेकींसाठी धीट राहून थकल्या आहात. काही दिवस एकमेकींचं सांत्वन करायची जबाबदारी सोडून द्या. तुमचं रडणं ऐकायला नवरा आहे, मैत्रीण आहे. आईची एखादी जुनी सहशिक्षिका असेल, तिला तुम्ही गुपचूप फोन करून ‘अधूनमधून येत जा’ म्हणायला हरकत नाही.

समोरासमोर बसून ‘आज आपण बोलू या’ हे आपल्या आयांना जमत नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही जमणार नाही. हात गुंतलेले आणि नजर खाली असली की तोंड उघडतं. मेथी निवडायला बसा, माळा आवरायला घ्या. माझ्याकडे येणाऱ्या एका मायलेकींना (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत) मी वडिलांची खर्चाची वही एकत्र वाचायला सांगितली होती, तीही आयकराच्या निमित्ताने. गृहस्थ नोंदी ठेवण्यात पक्के. एका पानावर लिहिलेलं : ‘सायकल रु. १४५०. हिला ११०० सांगितले.’ मुलगी ते मोठ्याने वाचून गेली आणि मग जीभ चावली. आई म्हणाली, ‘मला तेव्हाच माहीत होतं. दुकानदार माझ्या माहेरचा.’ दोघी हसल्या, आणि मग बराच वेळ रडल्या. मी कितीही प्रश्न विचारून जे झालं नसतं ते त्या वहीने केलं. तुमच्या बाबांचंही काहीतरी असेलच. पासबुकं, तळजाई टेकडीवर फिरायला जायची काठी, दिवाळी अंकांचा गठ्ठा. आई जे अजून देऊन टाकू शकलेली नाही, त्यापासून सुरुवात करा. तिने सगळं काढलेलं नाही, बघाल तुम्ही.

कागदपत्रांबद्दल जाता जाता सांगते, कारण पुण्यात निम्मे दुरावे फ्लॅटच्या कागदांवरून सुरू होतात. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार मृत्युपत्र नसेल तर बायको, मुलं आणि गेलेल्याची आई हयात असेल तर तीही, हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस, समान हिश्शाचे. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. हे तुम्ही आईला आपणहून सांगा आणि घराबाबत तुमच्या मनात काय आहे तेही स्पष्ट बोला. ‘मुलगी आता घर विकून मला वाकडला नेणार’ अशी धास्ती न बोलता बसलेली असते. पहिल्या वर्षात तिला हलवायचा विषय काढूच नका.

वर्षश्राद्धाचं. इथे एक गंमत आहे जी फार कमी घरांच्या लक्षात येते. श्राद्ध तिथीने होतं. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे तिथी तारखेच्या दहा-अकरा दिवस आधी येते, आणि मध्ये अधिक महिना आला तर उलट अठरा-एकोणीस दिवस पुढे जाते. आईचा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या तिथीला उगवतो. तुमचा दिवस फोनमधल्या तारखेला. श्राद्धाच्या दिवशी तुम्ही पानं वाढत, भटजींची दक्षिणा बघत कोरड्या डोळ्यांनी वावराल आणि आईला वाटेल, हिला काही नाही. तुमच्या तारखेला तुम्ही ऑफिसच्या बाथरूममध्ये रडाल आणि आई त्या दिवशी फोनवर भाजीचे भाव सांगेल. हे आधीच बोलून ठेवा : ‘तुझ्या तिथीला मी सुट्टी घेऊन येते, माझ्या तारखेला तू वाकडला ये.’ तिथीचं सगळं तिच्या मनासारखं होऊ द्या, कावळ्यासाठी पान ठेवण्यापासून आमसुलाच्या चटणीपर्यंत. तारखेला काय करायचं ते तुम्ही ठरवा. पण तिला विचारून, कारण न विचारण्याची चीड तुम्हा दोघींनाही आता चांगली ठाऊक आहे.

आता समुपदेशन. ‘तुला गरज आहे’ म्हणून आईला नेऊ नका, तुम्ही तुमच्यासाठी जा. ‘मला झोप लागत नाही, म्हणून जातेय’ असं तिला सांगा. पुढच्या एखाद्या भेटीला ‘मला एकटीला बोलता येत नाही, तू सोबत येशील का’ असं म्हटलंत तर आया येतात. मुलीसाठी येतात, स्वतःसाठी नाही, आणि मग बोलतात. मी हे पुष्कळदा पाहिलंय.

थांबू नये अशा काही गोष्टी मात्र आहेत. नऊ महिन्यांनी दुःख असणं हा आजार नाही. पण रोजच तीव्र ओढ, ‘ते गेलेत’ हे पटतच नसणं, आपलं आयुष्य निरर्थक वाटणं, कामं आणि माणसं पूर्ण सुटणं हे महिनोन्‌महिने कमी होत नसेल तर त्याला प्रदीर्घ शोकविकार म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात त्यासाठी किमान सहा महिने धरतात, अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदान-पुस्तिकेच्या २०२२ च्या आवृत्तीत मोठ्या माणसांसाठी एक वर्ष. आईचे कपडे सैल व्हायला लागले, बीपीच्या गोळ्या ती मुद्दाम बंद करतेय असं दिसलं, तर तुमच्या फॅमिली डॉक्टरांकडे आधी न्या. त्यांना नाही म्हणायची तिची हिंमत होणार नाही. ‘मलाही लवकर ने रे बाबा’ असं देवापुढे म्हणणं अनेक आया म्हणतात. ते ऐकल्यावर घाबरून विषय बदलू नका. सरळ विचारा : ‘तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतो का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर होय असेल किंवा टाळाटाळ झाली, तर त्या रात्री तिला एकटी ठेवू नका आणि मानसोपचारतज्ज्ञांची त्याच दिवशीची किंवा दुसऱ्या दिवशीची वेळ घ्या. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. तो तुम्ही स्वतःसाठीही लावू शकता.

या रविवारी जाल तेव्हा मुलाला नवऱ्याकडे ठेवून एकट्या जा. पुरणपोळी करू नकोस म्हणून आदल्या दिवशीच सांगा, पिठलं-भात पुरे.